हप्त्यांच्या दिवसांतला फ्रीज

कर्ज फिटेपर्यंत घरात काहीही बिघडायचं नाही, असा नियम मी केला होता. तो सगळ्यात आधी विलासच्या दाढेने मोडला.

विलास म्हणजे माझा नवरा. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. मीही तिथल्याच एका छोट्या कंपनीत अकाउंट्सला आहे. (हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मुद्दाम विचारायला नको.) दिवसभर दुसऱ्यांचा पै-पैचा हिशोब लावणाऱ्या बाईच्या घरात इतकं कर्ज कसं झालं, याचं उत्तर एका शब्दात देता येईल : ‘सोप्पं’. सगळं सोप्या हप्त्यांवर मिळत होतं. किचनची कपाटं सोप्या हप्त्यांवर, स्कूटर सोप्या हप्त्यांवर, मुलीचा लॅपटॉप सोप्या हप्त्यांवर. मग एका कार्डाचे हप्ते भरायला दुसरं कार्ड. एक दिवस लक्षात आलं, की महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार आमच्या खात्यात येऊन पाहुण्यासारखा फक्त चहा पिऊन जातो.

शेवटी पालघरला जाऊन बँकेतल्या साहेबांना भेटलो. साहेब भला माणूस. त्याने सगळी कर्जं एकत्र बांधून काही वर्षांचा एकच हप्ता करून दिला आणि निघताना म्हणाला, “मॅडम, फक्त आता नवीन खर्च काढू नका हं.”

म्हणून तो नियम. मी घरी येऊन सगळ्यांना बसवून सांगितलं. आमची रेवा तेव्हा नुकतीच कॉलेजात गेली होती. तिने विचारलं, “काहीही म्हणजे वस्तूच की माणसंही?”

“माणसंही!” मी ठणकावलं.

आणि पुढच्याच महिन्यात विलासने शेंगदाण्याची चिक्की खाल्ली. दाढेचा अर्धा भाग चिक्कीबरोबर गेला आणि उरलेल्या अर्ध्या भागाबरोबर माझा अडीअडचणीचा डबा रिकामा झाला. दातांचा डॉक्टर म्हणाला, “कॅप चांगल्यातली बसवू की साधी?” विलासला तोंडात कापूस असल्यामुळे बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, “मागची आहे, दिसत नाही. साधी.” विलासने त्या खुर्चीतून माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मला अजून आठवते.

त्यानंतर आला मे महिना, आणि फ्रीज गेला.

फ्रीज गेल्यावर घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू परवानगी मीच दिली होती. मेकॅनिकला बोलावलं. त्याने मागची बाजू ठोकून बघितली, कान लावला, आणि पेशंटच्या नातेवाइकांना बाजूला घेतात तसं मला बाजूला घेतलं.

“भाभी, कंप्रेसर गया.”

“मग? दुरुस्त होईल ना?”

“होगा. लेकिन पुराना फ्रिज है, उसमें इतना पैसा मत डालो. नया ले लो ना. झीरो पर्सेंट में हो जाएगा.”

झीरो पर्सेंट! हे शब्द कानावर पडताच विलासच्या डोळ्यांत जुनी चमक आली. मी त्याचा दंड धरून त्याला सरळ गॅलरीत नेऊन उभा केला.

“अहो, याच झीरोमुळे आपण इथवर आलोय!”

“मी काही बोललो का?” विलास म्हणाला.

“बोलणार होतात.”

तो गप्प बसला. विलासचा हा एक मोठा गुण आहे. दुसरा गुण असा, की त्याला खोटं बोलता येत नाही. या दुसऱ्या गुणाचा त्रास पुढे येईलच.

मग आमचं बिनफ्रीजचं आयुष्य सुरू झालं. माठ आणला. भाज्यांवर ओलं फडकं टाकलं. पहिले दोन दिवस मी सगळ्यांना जुन्या काळातल्या बायका किती निरोगी असायच्या ते ऐकवलं. तिसऱ्या दिवशी दूध फाटलं. वाया कसं घालवायचं? पनीर केलं. चौथ्या दिवशी पुन्हा फाटलं, पुन्हा पनीर. पाचव्या दिवशी रेवाने ताटाकडे बघून विचारलं, “आई, परत पनीर? आपण नक्की गरीब झालोय की श्रीमंत?”

इडलीचं पीठ तर विचारूच नका. बोईसरच्या मे महिन्यातल्या दमट हवेत ते असं फुगलं, की सकाळी उठून बघते तर पातेल्याचं झाकण बाजूला आणि पीठ ओट्यावरून गॅसच्या दिशेने निघालेलं. थोडा उशीर झाला असता तर इडल्या आपल्या आपणच झाल्या असत्या!

एक दिवस समोरच्या शेळके काकूंनी आमचा फ्रीज दार उघडं टाकून वाळत ठेवलेला बघितला. शेळके काका-काकू मूळचे नगरकडचे. काका तारापूरच्या वीज केंद्रात मेंटेनन्सला होते, आता निवृत्त. दोघंही माळकरी. कांदा-लसूण एकादशीला वर्ज्य, मांस-मच्छी कायमची. गळ्यात तुळशीची माळ आणि घरात दर शनिवारी भजनी मंडळ.

“काय गं मीना, फ्रीजला काय झालं?”

विलास तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणाले, “काढायचाय हो काकू. नवीन यायचाय ना!”

“हो का? कोणता घेताय?”

“डबल डोअर,” मी म्हणाले. (का म्हणाले ते मला विचारू नका. जीभ एकदा सुटली की सिंगल डोअरवर थांबत नाही.)

“अरे वा! मग तोवर आमच्याकडं ठेवत जा की काय असेल ते. आमचा निम्मा मोकळाच असतो.”

विलास छताकडे बघत राहिला. काकू गेल्यावर म्हणाला, “कधी येणार आहे आपला डबल डोअर?”

“तुम्ही ते नका विचारू.”

“मी नाही विचारत. काका विचारतील.”

आणि खरंच, काका रोज विचारायला लागले. जिन्यात, गेटवर, पाण्याच्या टाकीपाशी. “आला का?” “निघालाय, काका.” “कुठून?” “गोडाऊनमधून.” पुढे पुढे मी जिना उतरताना आधी वाकून खाली काका आहेत का ते बघायचे.

पण सोय झाली होती. आमचं दूध, दही, कोथिंबीर काकूंच्या फ्रीजमध्ये सुखात होतं. असं महिनाभर गेलं असतं, तर पुढच्या पगाराला थोडं बाजूला टाकता आलं असतं. पण मध्ये एक शनिवार आला.

त्या दिवशी विलासच्या मासवणच्या मित्राने पाठवलेले आंबे एकदम पिकले. मी सकाळीच बसून सगळ्यांचा रस काढला आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरला. काकूंना सांगून ठेवलं, “संध्याकाळी तुमचं भजनी मंडळ यायचंय ना? रस पाठवते फ्रीजरमध्ये ठेवायला. त्यातला पुऱ्यांबरोबर तुम्हीही घ्या.” काकू खूष. आपल्याला फ्रीज वापरू देतात, त्याची थोडी परतफेड, म्हणून मीही खूष.

इतक्यात दारात हिराबाय. हिराबाय गेली कित्येक वर्षं समुद्राकडच्या गावातून टोपली घेऊन आमच्याकडे येते. आम्ही कराडकडची माणसं. मासे खायलाच काय, ओळखायलाही तिनेच शिकवलं.

“घे गो बाय. बग कसा ताजा हाय पापलेट.”

“नको गं हिराबाय, या महिन्यात नको.”

“आता बोटी बंद व्हतील. मंग दोन महिने नाय मिलायचा. तुला म्हनून अख्खा वाटा देते, निम्म्यात.”

निम्म्यात! हप्त्यावर जगणाऱ्या माणसाला ‘निम्म्यात’ हा शब्द ऐकू आला की मेंदूकडचं रक्त दुसरीकडे जातं. मी मनातल्या मनात हिशोब केला, की घेतलं तर आपले अर्धे पैसे वाचतात. घेतलं. हिराबाय जिना उतरून गेली आणि मग मला आठवलं, की आपल्याकडे फ्रीज नाही.

मी गॅलरीतून ओरडले, “हिराबाय! अगं, ठेवू कुठे हे?”

“ठेवायला कशाला घेतला? खायाला घेतला ना?” खालून आवाज आला. तरी बिचारी परत वर आली आणि टोपलीतला उरलेला बर्फ माझ्या पातेल्यात ओतून गेली.

मी पापलेटाला मीठ-मसाला लावला, दुसऱ्या आइस्क्रीमच्या डब्यात भरलं आणि डबा बर्फाच्या पातेल्यात ठेवला. आमच्याकडे सगळे डबे आइस्क्रीमचेच. एकेकाळी आम्ही आइस्क्रीमही भरपूर खाल्लंय, सोप्या हप्त्यांच्या दिवसांत.

दुपारी विलास पहिली शिफ्ट करून आला. मी न्हाणीघरात कपडे धूत होते. तिथूनच ओरडले, “अहो, तेवढा डबा काकूंकडे फ्रीजरमध्ये द्या!”

आता विलासच्या बाजूनेही विचार करायला हवा. स्वयंपाकघरात दोन डबे. एक ओट्यावर, एक बर्फात. त्याने विचार केला, की जो बर्फात आहे त्यालाच थंडाव्याची गरज असणार. अगदी शास्त्रीय! त्याने बर्फातला डबा पुसून काकूंना नेऊन दिला. इतकंच नाही, तर बर्फ वाया जाऊ नये म्हणून ओट्यावरचा डबा बर्फात ठेवला. मी त्याला काटकसर शिकवली होती, ती त्याने नेमकी तेव्हा वापरली.

संध्याकाळी पाच वाजता मी तवा तापत ठेवला आणि बर्फातला डबा उघडला. पहिल्यांदा वाटलं, पापलेटाला हळद जरा जास्त झाली. मग बोट बुडवून चाखलं.

“अहोऽऽऽ!”

विलास धावत आला. मी डबा पुढे केला. त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा हळूहळू दुधासारखा फाटत गेला.

“म्हणजे काकूंच्या फ्रीजरमध्ये…”

“पापलेट.”

“मसाला लावलेलं?”

“मग काय साखर लावलेलं?”

मी तशीच पदर खोचून समोर गेले. पाठोपाठ विलास. काकूंच्या घरात सतरंज्या अंथरल्या होत्या, टाळ काढून ठेवले होते, उदबत्तीचा वास दरवळत होता. काकू पुऱ्यांची कणीक मळत होत्या.

“ये गं मीना! आता रस काढायला सांगणारच होते यांना.”

“नको!” मी इतक्या जोरात म्हणाले, की काकूंच्या हातातला गोळा पडला. “म्हणजे काकू, तो रस जरा… आंबट निघालाय. मी दुसरा आणते.”

“अगं, साखर घालू की थोडी.”

“साखरेने नाही जाणार तो आंबटपणा.”

“बघू तरी. आंबा कोणता होता?”

मी विलासकडे बघितलं. विलासने, ज्याला खोटं बोलता येत नाही त्या विलासने, मला मदत करायची म्हणून आयुष्यातला पहिला प्रयत्न केला. म्हणाला, “खाडीतला.”

काकू थबकल्या. “खाडीतला आंबा?”

“खाडीकाठचा,” मी घाईघाईने म्हणाले. आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला झाकण उघडल्याचा आवाज आला.

काका फ्रीजरसमोर उभे होते. हातात डबा. ते डब्यात बराच वेळ बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, “हा आमरस नाही.”

काकू उठून बघायला गेल्या. बघितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त हात धुतले, आत देवघरापाशी गेल्या आणि पाठ करून बसल्या. मला इतकं वाईट वाटलं, की कर्ज, फ्रीज, डबल डोअर, सगळं विसरायला झालं. ज्या बाईने आपलं दूध-दही सांभाळलं, तिच्या घरात भजनाच्या दिवशी आपण हे करून ठेवलं!

“काकू, मी सगळा फ्रीज धुऊन देते. आत्ताच्या आत्ता. मंडळ यायच्या आत.”

विलासने डबा घेऊन घर गाठलं. मी बादलीभर गरम पाणी घेऊन कामाला लागले. काकूंचा फ्रीजही जुनाच, एक दाराचा. फ्रीजरच्या आत बर्फाचा जाड थर. वितळायला वेळ लागला असता, आणि मंडळ तर यायला झालेलं. पश्चात्ताप झालेल्या माणसाला धीर नसतो. मी पोळ्यांचं उलथनं घेतलं आणि बर्फ फोडायला सुरुवात केली.

“मीना, हळू,” काका म्हणाले.

“काही नाही काका, निघतोय!” असं म्हणत मी एक घाव जरा मनापासून घातला.

फुस्स्स्स.

आवाज अगदी बारीक होता. सायकलच्या ट्यूबसारखा. मी उलथनं तसंच धरून उभी राहिले. काकांनी मान पुढे करून ऐकलं. मग निवृत्त माणसाच्या शांतपणाने म्हणाले, “गॅस गेला.”

अशा रीतीने त्या संध्याकाळी आमच्या मजल्यावर दोन घरं होती आणि दोन्ही घरांत मिळून एकही फ्रीज चालू नव्हता!

त्या दिवशी भजनी मंडळाचं जे आदरातिथ्य झालं, तसं पुन्हा होणं नाही. पुरी, रस (आमच्या घरून मी स्वतः, दोनदा चाखून आणलेला), त्यावर दही, ताक, चक्का, थंड दूध, काकडीची कोशिंबीर, खरवस. फ्रीजमध्ये जे जे होतं ते सगळं वाढलं. मंडळी तृप्त होऊन म्हणाली, “काकू, आज काही विशेष?” काकूंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “आज शेजारीण मदतीला होती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या फ्रीजची भरपाई करायलाच हवी होती, पण कशातून? विलास म्हणाला, “काका, दुरुस्तीचे पैसे आम्ही देणार. फक्त एकदम नाही जमणार. आणि आमचा डबल डोअर…”

“येत नाहीये,” काका म्हणाले. “माहीत आहे.”

“कसं काय?”

“मेकॅनिक खाली गाडीवर चहा प्यायला बसला होता. म्हणाला, भाभीला झीरो पर्सेंटची ऑफर दिली तर भाभी अशी घाबरली, जणू साप दिला. मी तर रोज गंमत म्हणून विचारायचो. गोडाऊनमधून निघालेला फ्रीज तुझ्या तोंडून कुठवर पोचतोय ते बघत होतो.”

मी लाजेने सोफ्यात रुतले. काकूंना मात्र हसू आलं. कालपासून पहिल्यांदाच. “अगं, सरळ सांगायचं ना! आम्हीसुद्धा घर घेतलं तेव्हा तीन वर्षं पंखा न लावता काढली.”

“पंखा होता,” काका म्हणाले, “तुला आवाज आवडत नव्हता.”

“तुम्ही गप्प बसा. तिला बरं वाटावं म्हणून सांगतेय.”

मग काका उठले. आमच्या घरी आले, आमच्या फ्रीजच्या मागे बॅटरी मारून बघितलं, परत जाऊन स्वतःच्या फ्रीजच्या मागे बघितलं. “तुमचं मशीन, म्हणजे कंप्रेसर, गेलंय, पण फ्रीजर धड आहे. आमचं मशीन धड आहे, पण फ्रीजर मीनाने फोडला. आम्ही कामावर असताना दोन बंद पंपांतून एक चालू पंप काढायचो. बोलवा त्याला.”

मेकॅनिक आला. समोरासमोर दोन मेलेले फ्रीज बघून म्हणाला, “ये दूसरा कैसे गया?”

विलासने फक्त माझ्याकडे बोट दाखवलं.

“ऐसा नहीं होता,” मेकॅनिक म्हणाला. मग काकांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं आणि अर्ध्या तासात तसं व्हायला लागलं. त्यांचं मशीन आमच्या फ्रीजला बसलं. उरलेला सांगाडा भंगारवाल्याने नेला. त्यात मेकॅनिकची मजुरी निघाली, गॅसचे पैसे आम्ही दिले. फ्रीज ठेवायचा त्यांच्याकडे, खालचे दोन खण त्यांचे, वरचा आमचा.

सगळं ठरल्यावर काकूंना अचानक शंका आली. “पण हा फ्रीज तुमचा. यात आधी काय काय ठेवत होता?”

“पापलेट,” विलास प्रामाणिकपणे सुरू झाला, “सुरमई, कोलंबी, बोंबील, एकदा खेकडे…”

मी त्याचा पाय दाबला. काकू काकांकडे बघायला लागल्या. काकांनी गळ्यातल्या माळेवरून हात फिरवला, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “मशीन आपलं आहे ना? मशीन माळकरी आहे. आत तेच थंडावा सोडणार. नीट धुऊन घ्या म्हणजे झालं.”

धुवायचं काम रेवाला दिलं. मी उठले, तर तिघांनी मिळून मला परत सोफ्यावर बसवलं.

आता त्याला बरेच महिने झाले. आमचा हप्ता वेळेवर जातो. मासे आणले की त्याच दिवशी खातो. वरच्या खणाची सवय झाली, इतकी की पाहुणे आले की “थांबा हं, पाणी आणते,” म्हणून मी सरळ समोरच्या घरात जाते आणि पाहुणे आमच्या भिंतीकडे बघत बसतात. फ्रीजरमध्ये मात्र अधूनमधून बर्फ साठतोच. मग काकू आधी मला फोन करतात.

“मीना, घरी आहेस का गं?”

“आहे ना काकू. येऊ मदतीला?”

“नको, नको. तू घरी आहेस ना? मग उद्या करते.”